माळ्यावरची आगगाडी आणि तिचा निळा डबा



दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक पुठ्ठ्याचं खोकं खाली आलं. वर सुतळी, सुतळीवर धुळीचा थर. आत आमच्या मोठ्या भाऊजींची आगगाडी. १९७४ साली ते ट्रेनिंगसाठी जर्मनीला गेले होते, तिथून येताना त्यांनी ही मेर्कलिन कंपनीची गाडी आणली. एक इंजिन, तीन डबे, गोल फिरणारे रूळ आणि लाल मुठीचा, पत्र्याचा निळा ट्रान्सफॉर्मर. वजन चांगलं भरीव, हातात घेतला तर अडकित्ता घेतल्यासारखं वाटतं.

नातू सुटीत अमरावतीला आलेला. त्याला दुसरं काही सुचेना. पण ट्रान्सफॉर्मरची वायर उंदरांनी कुरतडलेली होती, म्हणून ह्यांनी तो जवळच्याच एका दुकानात दुरुस्तीला दिला. दुसऱ्या दिवशी तो "चालू" होऊन आला. खरंच चालू झाला. गाडी फिरली, इंजिनाचा दिवा लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मी फरशी पुसून घेतली आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून तो निळा डबा उचलायला गेले. बोटांना झिणझिण्या आल्या. जोराचा झटका नव्हे, मुंग्या चावल्यासारखं. नातू दुपारभर सतरंजीवर बसून खेळला होता, म्हणून त्याला काही जाणवलं नाही. ह्यांनी टेस्टर लावला, तो पेटला. "थोडं लीकेज असतंच गं, गाडी तर चालते आहे," असं म्हणून विषय संपवायला निघाले. मी प्लग काढला आणि डबा उचलून कपाटात कुलपात ठेवला. त्या रात्री घरात माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही.

आजचा लेख त्या "चालते आहे" या दोन शब्दांबद्दल आहे.

आपण वऱ्हाडातली माणसं. उन्हाळ्यात लोखंडी कूलर लागला की आई-आजी ओरडायच्या, पाणी भरताना बटण बंद कर, चप्पल घाल. कूलरच्या शॉकने माणूस दगावल्याची बातमी आपल्याकडे दर उन्हाळ्यात पेपरात येते, आणि प्रत्येक वेळी तो कूलर आदल्या दिवसापर्यंत "चालतच" असतो. पंखा फिरतो, पाणी चढतं, हवा गार येते. यंत्र काम करतं याचा अर्थ ते आपल्याला मारणार नाही, असा होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कूलरच्या बाबतीत हे आपल्याला पटतं आणि खेळण्याच्या बाबतीत पटत नाही, कारण खेळणं लहान असतं आणि त्याला दिवा असतो.

माझं माहेर अकोल्याचं. दादाच्या ओळखीचे एक मोटार वाइंडिंगवाले भाऊ तिथे आहेत. शेतीपंपाच्या जळलेल्या मोटारी भरणं हा त्यांचा मुख्य धंदा. आपल्या भागात अशी दुकानं तालुक्या-तालुक्याला आहेत आणि ट्रान्सफॉर्मर कळणारा माणूस शोधायला मुंबई-पुण्याला जायची गरज नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी डबा पिशवीत घालून अकोल्याला गेले. मी बी.कॉम. बाई, वीज मला कळत नाही. पण हिशेब कळतो, आणि त्यांनी मला सगळं हिशेबासारखंच समजावलं.

ट्रान्सफॉर्मरच्या आत तांब्याच्या तारेची दोन गुंडाळणं असतात. एकात घरची २३० व्होल्टची वीज जाते, दुसऱ्यातून गाडीला लागणारी १६ व्होल्टपर्यंतची वीज बाहेर येते. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही जोडलेल्या नसतात, मधल्या लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यातून नुसत्या चुंबकाने काम होतं. लहान मूल रुळाला हात लावू शकतं ते केवळ या न जोडलेपणामुळे. आणि ती न जोडलेली जागा कशाची बनलेली असते? तारेवरचा मुलामा, कागद आणि वॉर्निश. आमच्या डब्यातलं हे सगळं पन्नास वर्षांचं. त्यातली कितीतरी वर्षं वऱ्हाडातल्या माळ्यावर गेलेली, पत्र्याच्या छपराखाली.

उन्हाचा मुद्दा मला आधी सुचलाच नव्हता. ट्रान्सफॉर्मर चालताना खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त तापतो. मेर्कलिनचं गाव ग्योपिंगेन, तिथे मुलं हिवाळ्यात वीस अंशांच्या खोलीत गाडी खेळणार. आमच्याकडे मुलांना सुटी मे महिन्यात, आणि अकोल्याचा मे ४५ अंशांचा. म्हणजे डबा सुरू करण्याआधीच आपण २५ अंश खर्च करून बसलो. दर दहा अंशांमागे इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. त्यात हा डबा २२० व्होल्टसाठी बनवलेला. आमच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर मी रात्री २४५ आकडा पाहिला आहे. या गाडीची दिशा बदलायला मूठ उलटी दाबली की क्षणभर २४ व्होल्टचा धक्का जातो. आत येणारी वीज वाढली की तो धक्काही त्याच प्रमाणात वाढतो. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांना हे जुने निळे ट्रान्सफॉर्मर जोडू नका, असं खुद्द कंपनीच सांगते.

वाइंडिंगवाल्या भाऊंनी डबा उघडण्याआधी एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. डबा उपडा करून भोकांतून आत उजेड टाकला आणि बराच वेळ पाहिलं. "पाल बसते जी आत, कधी मुंगळे असतात. पाहून घेतलेलं बरं." आत कोळ्याचं जाळं होतं आणि एक जिवंत कोळी. त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडलं. हे भाऊ जैन नाहीत. आदान-निक्षेपण समिती हा शब्द त्यांनी ऐकलेला नसेल. मुनिमहाराज पिंछीने जागा झाडून, पाहून, मगच वस्तू उचलतात आणि ठेवतात. आपण श्रावकांनी त्यातलं जमेल तेवढं घ्यायचं असतं. घरात मात्र आपण माळ्यावरची वस्तू काढतो, फुंकर मारतो आणि सरळ प्लग लावतो. आतला जीव जळतो, वर वास आला की म्हणतो "धूळ जळली असेल."

मग त्यांनी डबा उघडला आणि आमच्या "चालू" दुरुस्तीचं पोट दिसलं. नवी वायर पत्र्याच्या भोकातून तशीच आत ओढलेली. भोकाच्या कडेला रबराची चकती हवी ती नाही, वायर ओढली तर आतला जोड ताणला जाऊ नये म्हणून क्लिप हवी तीही नाही. पत्र्याची धार वायरच्या कातड्यात रुतून तांब्याला टेकायच्या बेतात आलेली. त्याहून वाईट म्हणजे, जास्त ताण आला तर आपोआप तोडणारा कट-आउट आत असतो, त्याला तारेचा तुकडा लावून कायमचा जोडून टाकलेला. कट-आउट सारखा पडत असेल, गिऱ्हाइकाला गाडी चालू हवी, मग घाला तार. फ्यूजमध्ये जाड तार घालणारी आपलीच जमात. त्या दुकानदारावर मी चिडले, पण अर्धा दोष आमचा. आम्ही त्याला "चालू करून द्या" एवढंच सांगितलं होतं. त्याने तेच केलं.

झिणझिण्यांबद्दल भाऊ म्हणाले, अर्थिंग नसलेल्या जुन्या पत्र्याच्या डब्याला थोडी मुंगी लागते, टेस्टरही पेटतो, त्यावरून काहीच ठरत नाही. निरुपद्रवी गळती आणि जीवघेणी गळती बोटाला पहिल्यांदा सारखीच लागू शकतात. म्हणून मोजायचं. दोन गोष्टी त्यांनी केल्या. आधी सिरीज बोर्डवर लावलं, म्हणजे मध्ये शंभर वॅटचा पिवळा बल्ब घेऊन. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. बरा असेल तर बल्ब जेमतेम लालसर होतो. आमचा लालसर झाला. मग मेगर लावला. हे यंत्र ५०० व्होल्टचा दाब देऊन मधली भिंत किती घट्ट आहे ते मेगओममध्ये दाखवतं. घरच्या विजेचं गुंडाळण आणि गाडीचं गुंडाळण यांच्यामध्ये एकदा, गुंडाळण आणि पत्रा यांच्यामध्ये एकदा. दोन्ही आकडे शंभराच्या वर आले. भिंत शाबूत होती, दार तेवढं मोडकं होतं.

नवी तीन तारांची वायर आली, पत्र्याला अर्थिंग जोडलं गेलं, भोकाला रबर बसलं, क्लिप बसली, कट-आउटवरची ती तार निघाली. आणि घरच्या विजेच्या बाजूला एक छोटा फ्यूज. हा फ्यूज का, ते मी माझ्या पद्धतीने समजून घेतलं. डब्यावर ३० व्हीए लिहिलंय. ३० भागिले २३०, म्हणजे ०.१३ अँपिअर. एवढीच त्याची भूक. आमच्या भिंतीतला एमसीबी ६ अँपिअरचा, म्हणजे भुकेच्या ४६ पट. डबा आतून भाजून निघेपर्यंत एमसीबीला काही कळणारसुद्धा नाही. तो भिंतीतल्या वायरचा राखणदार आहे, खेळण्याचा नव्हे. म्हणून पाव अँपिअरचा, जरा सावकाश तुटणारा फ्यूज डब्यापाशीच हवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जाऊ लागताच तो तोडतो. आमच्या जुन्या घरात तो नव्हता. आता बसवला आहे, आणि त्यासाठी मला आगगाडीचे आभार मानले पाहिजेत.

भाऊंनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला सर्वांत भीतिदायक वाटली. रूळ लांब असले की हौशी लोक दोन ट्रान्सफॉर्मर एकाच रुळाला जोडतात. मग एकाचा प्लग मुलाने ओढून काढला. आपल्याला वाटतं, काढला म्हणजे मेला. पण दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरची १६ व्होल्टची वीज रुळातून या पहिल्याच्या पोटात उलटी शिरते, आणि ट्रान्सफॉर्मर उलटा चालला की सोळाचे पुन्हा दोनशेच्या वर होतात. मुलाच्या हातातल्या, सुटून लोंबणाऱ्या प्लगच्या उघड्या पिनांवर! हे ऐकून मी तिथेच बसले. दोन ट्रान्सफॉर्मर लागतच असतील तर त्यांचे रूळ एकमेकांपासून पूर्ण तोडलेले हवेत आणि दोन्ही प्लग एकाच बटणावर हवेत.

ज्यांच्या घरी गाडी अमेरिकेतून आली आहे त्यांनी वेगळं सावध व्हावं. माझ्या एका मैत्रिणीच्या भाचीने लायोनेलचा जुना सेट पाठवला. तिथली वीज १२० व्होल्ट. इथे अडॅप्टर-पिन लावून सरळ भिंतीत खोचला आणि मिनिटभरात घर वासाने भरलं. मधे व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर घेतला तरी त्यांचा गाभा ६० सायकलसाठी केलेला असतो, आपल्या ५० सायकलवर तो जास्त तापतो. काही जुन्या इंग्रजी-अमेरिकन कंट्रोलरमध्ये सेलेनियमच्या चकत्याही असतात. त्या जळल्या तर घाणेरडा आणि विषारी वास येतो, तेव्हा प्लग काढून खिडक्या उघडून मुलांना घेऊन बाहेर पडायचं. त्यांच्या जागी सिलिकॉनचे डायोड बसवता येतात, मात्र मग रुळावर व्होल्टेज थोडं चढं मिळतं हे बसवणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवं.

घरी परतल्यावर भाऊजींशी फोनवर वाद झाला. त्यांचं म्हणणं, "आमची मुलं त्याच्यावर वाढली, कुणाला काही झालं नाही. तू उगाच बाऊ करतेस." सुनेचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं, "आई, फेकून द्या, सेलवर चालणारी घेऊ." दोघांचंही मला पटत नाही, पण दोघांत तथ्य आहे, ते आधी सांगते.

सुनेचं बरोबर आहे ते असं. हॉर्नबीसारख्या १२ व्होल्ट डीसीच्या गाड्या असतील तर जुना कंट्रोलर दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्याच व्होल्टचा आयएसआय मार्कवाला नवा घ्यावा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो मार्क सक्तीचा आहे, विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे आणि खेळण्याला २४ व्होल्टपेक्षा जास्त दाब देता येत नाही. पन्नास वर्षांच्या डब्याची अशी परीक्षा कोणी घेतलेली नाही, ती आपणच घ्यायची. मेगरमध्ये नापास झाला तर माझाही मोह सुटतो. कॉमर्समध्ये घसारा शिकवतात. पुस्तकातली किंमत शून्य झालेली वस्तू कितीही आवडती असो, ताळेबंदाच्या बेरजेत ती काही भर घालत नाही. फक्त ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. तांब्यासाठी तिचं आवरण उघड्यावर जाळतात आणि तो धूर कोणाच्या तरी मुलाच्या नाकात जातो. २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या यादीत विजेवरच्या खेळण्यातल्या आगगाड्यांचा चक्क स्वतंत्र उल्लेख आहे.

भाऊजींचं बरोबर आहे ते असं, की वस्तू टिकवावी. आपल्या घरांत सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवतात. पण "काही झालं नाही" हा पुरावा मला मान्य नाही. पाठशाळेत अनर्थदंडाचे पाच प्रकार आम्ही पाठ केले होते, पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुति आणि प्रमादचर्या. तेव्हा हिंसादान म्हणजे दुसऱ्याला शस्त्र, विष, अग्नी देणं एवढंच कळायचं, आणि वाटायचं, आपण कुठे कुणाला तलवार देतो! आता वाटतं, न तपासलेला ट्रान्सफॉर्मर मुलाच्या हातात देणं हे त्याच खान्यात मोडतं. तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्याही प्रमादापासूनच सुरू होते. जीव गेला की नाही हा प्रश्न नंतरचा. आपण गाफील होतो का, हा पहिला. दशलक्षणात उपवास करायचे, पाणी गाळून प्यायचं आणि कट-आउटवर तार ठेवून गाडी खेळायला द्यायची, हे मला जमत नाही. कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल. वाटू दे.

म्हणून माझ्यापुरती मी एक रेघ आखली आहे. रूळ पुसणं, सांधे घट्ट करणं, इंजिनाची चाकं आणि ब्रश साफ करणं, गाडीच्या बाजूच्या बारीक तारा जोडणं, हे सगळं घरी, प्लग काढून, नातवाला सोबत घेऊन. निळ्या डब्याचा स्क्रू मात्र घरी कोणी उघडायचा नाही, यूट्यूब पाहून तर नाहीच. तो उघडणाऱ्याकडे मेगर हवा आणि त्याने आकडा कागदावर लिहून द्यायला हवा. "चालू करून द्या" नाही म्हणायचं, "मोजून द्या" म्हणायचं. व्हाउचरशिवाय खर्च मंजूर नाही, तसं आकड्याशिवाय दुरुस्ती मंजूर नाही. अकोल्याच्या भाऊंनी आधी हसून पाहिलं, मग बिलाच्याच मागे दोन्ही आकडे आणि तारीख लिहून दिली. आता तो कागद डब्याच्या बुडाला चिकटवलेला आहे. पावसाळा संपला की पुन्हा मोजायचं ठरलंय, कारण दमट हवेत तो आकडा उतरतो.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. आम्ही लेकाला घेऊन गेलो होतो. तिथे गाड्या चालवणारा जाणता माणूस वेगळा आणि पाहणारी मुलं वेगळी. घरात ही सोय नसते, तिथे आजीच स्टेशनमास्तर. आमच्याकडे डबा उंच फळीवर ठेवला आहे, बटण माझ्या हाताशी. इन्व्हर्टरवर गाडी चालवायची नाही, कारण आमच्या जुन्या इन्व्हर्टरच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो. वीज गेली की गाडी जिथे असेल तिथे थांबते. नातू म्हणतो, सिग्नल मिळाला नाही.

परवा अशीच मधेच वीज गेली तेव्हा मी त्याला शकुंतलेची गोष्ट सांगितली. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, एक यवतमाळला. लहानपणी आम्ही अकोल्याहून मूर्तिजापूरला येऊन तिने कारंज्याच्या मंदिरांना जात असू. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. त्याने विचारलं, तिला ट्रान्सफॉर्मर कुठे होता? मी म्हटलं, नव्हता, तिला कोळसा आणि पाणी लागायचं. तो म्हणाला, "मग पाणी गाळून घालायचे का?"

रात्री भाऊजींचा पुन्हा फोन आला. गाडी उलटी फिरवताना अजून तो "टक्" आवाज येतो का, एवढंच विचारत होते. मी फोन रुळाजवळ धरला आणि मूठ उलटी दाबली.